कुऱ्हावदचा अर्धा र

पांढऱ्या पडद्यावर एक गोल चकती फिरत होती आणि तिच्याखाली शब्द उमटले होते : दम धर भाऊ, शोधी ऱ्हायनू. सगळा वर्ग एकदम हसला. थट्टेचं हसू नव्हतं ते. परमुलखातल्या स्टँडवर आपल्या गल्लीतलं माणूस अवचित समोर यावं आणि तोंडभर हसू फुटावं, तसं होतं. प्रेमचंद सरसुद्धा हसले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "हे कुणाचं?" खिडकीजवळच्या खुर्चीतून एस्तेर गावितनं हात वर केला. झालं ते एवढंच. हेमकांतला कोणी काही बोललं नाही, त्याचं कोणी काही घेतलं नाही. तरी बरगड्यांच्या आत कुणीतरी नखानं हळूच खरवडावं तसं त्याला वाटलं, आणि त्यानं आपल्या लॅपटॉपचं झाकण थोडं खाली केलं. त्याच्याही पडद्यावर तशीच चकती फिरत होती. तिच्याखाली लिहिलं होतं : कृपया प्रतीक्षा करा. हे शब्द त्यानं दोनदा तपासून लिहिले होते, त्यातली वेलांटीसुद्धा. आता ते त्याला कार्यालयातल्या खिडकीमागच्या माणसासारखे दिसायला लागले, मान वर न करता बोलणाऱ्या. 'शोधी ऱ्हायनू', शोधतोय, हे शब्द खरं तर त्याचे होते. आईनं त्याला याच बोलीत रागे भरलं होतं, बापानं शेवटचं पाणी याच बोलीत मागितलं होतं. आणि लिहायची वेळ आली तेव्हा त्याला त्यातलं एक अक्षर सुचलं नव्हतं. नवापूरकडच्या डोंगरातली ही पोर, घरी डोंगरातल्या आदिवासींची कोकणी बोलणारी, ती येते काय आणि त्याच्या ओसरीवरून त्याचीच घागर उचलून डोक्यावर घेते काय.

वर्ग शहाद्याला, एसटी स्टँडसमोर, बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर. खालून कीटकनाशकाचा वास येई आणि वरच्या पोरांना वेबसाइट बांधायला शिकवलं जाई. बारा जणांत हेमकांत वयानं थोरला, चौतिशी गाठलेला. साखर कारखान्यात टाइम ऑफिसला तो सात वर्षं कंत्राटावर होता. कंत्राट संपलं आणि दसऱ्यापासून तो म्हसावदहून रोज एसटीनं इथे येऊ लागला. लहान भाऊ शेती बघत होता. मेहुण्यानं सुरतेला कापडाच्या गोदामात जागा बघून ठेवली होती, आणि 'येस का नही', येतोस की नाही, असा त्याचा फोन आठवड्याला येई. सुरतेला जायचं म्हणजे काय, हे हेमकांतनं मोठ्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तो टाळकरी होता. बाराव्या वर्षापासून म्हसावदच्या सप्ताहात कीर्तनकाराच्या मागच्या रांगेत उभा राहणारा, डावीकडून तिसरा. बुवांनी ओळ टाकावी, मागच्यांनी ती झेलावी, आणि झेलता झेलता चौतीस वर्षांच्या माणसाची सगळी हाडं हलकी व्हावीत, हे सुख गोदामात मिळत नाही. ते पाठवता येत नाही की मागवता येत नाही. जिथे आहे तिथेच उभं राहून घ्यावं लागतं. म्हणून इथे राहायचं होतं. आणि इथे राहायचं तर प्रेमचंद सरांच्या हाताखालची एकच जागा होती. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं : म्हसावदच्या सप्ताह समितीला एक अ‍ॅप हवंय. बाहेरगावच्या भजनी मंडळातली माणसं कुणाच्या घरी उतरणार, ते त्यात गावाचं नाव टाकलं की दिसलं पाहिजे. तू आणि एस्तेर, दोघं वेगवेगळं बनवा. सप्ताहाआधीच्या शनिवारी समितीला दाखवू. समिती ज्याचं घेईल त्याला मी माझ्याकडे ठेवतो.

म्हसावदचा सप्ताह, म्हणजे हेमकांतचं अंगण. त्याला वाटलं होतं, ही स्पर्धाच नव्हे. येशूची प्रार्थना करणाऱ्या घरातली मुलगी, तिला टाळकरी म्हणजे काय आणि विणेकरी म्हणजे काय इथून सांगावं लागणार. त्यानंच सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यात, थोड्या मोठेपणानं. एस्तेर वही घेऊन ऐकत बसली होती. तिची वही ही एक वेगळीच पीडा होती. शहाद्यात ती रेवाबाई नावाच्या म्हातारीकडे खोली घेऊन राही. भाजी निवडता निवडता त्या बाईचे शब्द उचलून त्या वहीत लिही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन बिनदिक्कत वापरी. हेमकांतला ती पहिल्या दिवसापासून 'हेमुभाऊ' म्हणे आणि अरे-तुरे करी. रेवाबाईच्या घरात थोरल्या भावाला तसंच म्हणतात, म्हणून. "हेमुभाऊ, तू डबा खाई लिन्हा का?" त्याला ते खटके. कारखान्यात त्याला सगळे 'पाटील साहेब' म्हणत.

मग ती एका एकादशीला थेट म्हसावदला आली, कीर्तनाला. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून, डोक्यावर ओढणी घेऊन बसली. कीर्तन सुटल्यावर पांगणाऱ्या म्हाताऱ्या टाळकऱ्यांना गाठून विचारत होती : बाबा, बाहेरगावी गेलात की काय त्रास होतो? हेमकांतनं दुरून पाहिलं आणि मनात हसला. पण तिच्या अ‍ॅपमध्ये नंतर तीन जास्तीचे रकाने दिसले. तिखट चालतं का? जिना चढवतो का? रात्री दिवा लागतो का? हे वाचताना त्याला कानामागे गरम झालं. बावीस वर्षं तो या माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. शेजारच्या प्रकाशा गावातल्या कालूबाबांना जिना चढवत नाही हे त्याला माहीत नव्हतं. माहीत होतं, पण ते विचारण्यासारखं आहे हे माहीत नव्हतं. लहानपणी एकदा एका बुवांनी कीर्तन संपल्यावर त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि बापाला म्हणाले होते, "हा पोरगा ऐकतो." गातो नाही, वाजवतो नाही, ऐकतो. ते वाक्य त्यानं आतल्या खिशात ठेवावं तसं आयुष्यभर जपलं होतं. कारखान्यातून शेवटच्या दिवशी बाहेर पडतानासुद्धा ते जागेवर आहे ना, हे त्यानं चाचपून बघितलं होतं. आणि आता खांबाला टेकलेली ही मुलगी. बुवा असते तर त्यांचा हात कुणाच्या डोक्यावर गेला असता? हा विचार आला आणि गेला नाही. एसटीत त्याच्या शेजारी बसून म्हसावदपर्यंत आला.

समितीला दाखवायच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी ममता, त्याची बायको, स्वतःच्या फोनवर त्याचं अ‍ॅप बघत होती. तिचं माहेर कुऱ्हावदचं. माहेरचं भजनी मंडळ सप्ताहाला येणार, तर तिनं हौसेनं गावाचं नाव टाकलं. चकती फिरली. एकही नाव सापडले नाही. तिनं पुन्हा टाकलं. मग फोन त्याच्यासमोर धरला. "तुमना यंत्रामा मन्हं माहेरच नही. बरं व्हयनं, जावाना तरास मिटना." तो हसला नाही. यादीत कुऱ्हावद होतं, त्यानं स्वतः लिहिलं होतं, अकरा माणसं. तिनं लिहिलेलं कुऱ्हावद आणि त्यानं लिहिलेलं कुऱ्हावद त्यानं शेजारी शेजारी ठेवून बघितलं. अक्षर अन् अक्षर सारखं, आणि मशीन म्हणत होतं, ही दोन वेगळी गावं आहेत. चार दिवस गेले. चार दिवस त्याला जेवणाची चव लागली नाही. सोमवारी सकाळी, अंघोळीआधी, ते उलगडलं. तो अर्धा र. ऱ्ह मधला तो चंद्रकोरीसारखा र. एका कळफलकावर तो एका रीतीनं तयार होतो, दुसऱ्यावर दुसऱ्या. डोळ्याला एक दिसतो, पण आत त्याची नाळ वेगळी असते. पुण्या-मुंबईच्या कुणाला हे लवकर कळणार नाही, त्यांच्या बोलण्यात हा ऱ्ह येतोच किती? खानदेशात मात्र माणूस येऊ ऱ्हायना, जाई ऱ्हायना, जगी ऱ्हायना. श्वासागणिक तो र. हेमकांतनं दोन्ही रूपं एकाच रूपात आणून मग ताडून बघणारी चार ओळींची दुरुस्ती लिहिली. ममताच्या फोनवर कुऱ्हावद टाकलं, आणि अकराच्या अकरा नावं एकाखाली एक उतरली. तो इतका खूश झाला की टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून ओसरीवर उभ्या उभ्या त्यानं एक चाल म्हटली. आणि चाल म्हणता म्हणताच, कसं कोण जाणे, त्याचा अंगठा एस्तेरच्या अ‍ॅपवर गेला. वर्गातल्या सगळ्यांकडे एकमेकांच्या लिंका असत. कुऱ्हावद. दम धर भाऊ, शोधी ऱ्हायनू. आणि मग : काहीच सापडनं नही, भाऊ.

पहिल्या आनंदावर दुसरा आनंद येऊन बसला. तो पहिल्यासारखा नव्हता. हा खाली बसणारा, जड, गोडसर होता, जास्त पिकलेल्या केळीसारखा. पडद्यावर ज्या शब्दानं सगळा वर्ग हसला होता, त्याच शब्दातलं ते अक्षर तिच्या पायाखाली फुटकं होतं आणि तिला ठाऊक नव्हतं. दसऱ्यापासून पहिल्यांदा त्याच्याजवळ असं काही होतं जे तिच्याजवळ नव्हतं. ओसरीवर ऊन आलं होतं, समोरून केळीच्या घडांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली गेली, आणि चाल कुठे सोडली होती ते त्याला आठवेना.

मंगळवारी वर्ग सुटल्यावर स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर तीच त्याच्याकडे आली. हातात लॅपटॉप, तोंडात बिस्कीट. "हेमुभाऊ, एकदाव देख ना मन्हं. तुन्हं डोकं बारीक शे. काही चुकी ऱ्हायनं का?" तिनं लॅपटॉप त्याच्या गुडघ्यावर ठेवला. ती खोटं नव्हती बोलत. तिला खरंच वाटत होतं की त्याचं डोकं बारीक, तल्लख आहे, आणि हे त्याला जास्त लागलं. त्यानं पानं वरखाली केली. म्हसावद टाकलं, सापडलं. प्रकाशा टाकलं, सापडलं. बोट कुऱ्हावदच्या क वर गेलं आणि तिथून परत आलं. "काहीच नही," तो म्हणाला. "झकास शे." "खरंच?" "मी कशाले खोटं सांगू?" ती इतकी मोकळी हसली की त्यानं चहाच्या ग्लासात बघितलं. नवापूरची गाडी लागल्याची घोषणा झाली, ती घरी जायची होती त्या दिवशी. पळता पळता ती वळून ओरडली, "देव तुन्हं भलं करो, भाऊ!" कुठला देव, हे तिनं सांगितलं नाही. त्याला मात्र तो प्रश्न म्हसावदपर्यंत पुरला.

बुधवारी गावात कीर्तन होतं. बुवा नवे होते, तरुण, पण गळा पिकलेला. निरूपणात षड्रिपूंवर आले आणि म्हणाले, "माउली, काम येतो, क्रोध येतो, लोभ येतो, हे सगळे दारातून येतात, त्यांचं तोंड दिसतं, आपण कडी तरी लावू शकतो. मत्सर दारातून येत नाही. तो चुलतभावासारखा आधीपासूनच घरात जेवायला बसलेला असतो. वाढणाऱ्यालाही कळत नाही, हे ताट कुणाचं." लोक हसले. हेमकांतही हसला, कारण रांगेत तिसरा उभा माणूस हसला नाही तर दिसतं. पुढची ओळ बुवांनी टाकली आणि त्याला ती झेलता आली नाही. हात तेवढे चालू होते, टाळ वाजत होते. त्यानं स्वतःला समजावलं : मी काय केलं? मी काही बिघडवलं नाही. तिचं जे होतं ते तसंच ठेवलं. परीक्षेत कुणी शेजारच्याला उत्तर सांगतं का? आणि तिला काय, बावीस वर्षांची पोर, तिला उद्या पुणं आहे, बंगळूर आहे. मला सुरत. पण हा सगळा हिशेब पूर्ण मांडून झाला तरी ओळ झेलता येईना. दोन दिवस त्याच्या हातात फोन होता. तिचं नाव उघडून तो तिथे थांबे. 'कुऱ्हावद टाकून बघ' एवढेच तीन शब्द. एकदा लिहिलेही. मग वर्गातलं ते हसू कानात आलं, चष्मा काढून डोळे पुसणारे सर दिसले, आणि त्यानं एकेक अक्षर मागून पुसलं. शेवटी अर्धा र गेला, मग कु.

शनिवारी दुपारी मंदिराच्या सभामंडपात पडदा बांधला. समितीचे अध्यक्ष उखाआबा पुढे लोडाला टेकून बसले. आजूबाजूच्या गावांच्या भजनी मंडळांतून एकेक जण बोलावला होता. कुऱ्हावदहून मगनबापू आले होते, सत्तरीचे मृदंगवाले, हेमकांतच्या सासऱ्याचे मित्र. पहिली पाळी एस्तेरची. चकती फिरली, शब्द उमटले आणि सभामंडप वर्गापेक्षा मोठ्यानं हसला. "पोरी, हाई ते आमनीच बोली शे!" उखाआबा लोडावरून पुढे सरकले. "तू कोठे शिकनी?" "रेवामावशीनी शिकाडी, आबा. भाजी निवडता निवडता." "मंग दोडका निवडा का शब्द निवडात?" पुन्हा हसू. तिचे तीन रकाने वाचून दाखवले तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. जिना चढवतो का, हे ऐकून मागचे दोन म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. हेमकांत खांबाजवळ उभा होता. त्याला सगळ्यांचे चेहरे दिसत होते, आणि प्रत्येक चेहरा त्याला त्याच्या हिश्शाचा वाटत होता. मग मगनबापू उठले. "आते मन्हं गाव देखू दे. मी टाकस. चष्मा कोठे गया मन्हा?" चष्मा कपाळावरच होता. त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि मृदंगावर पडून पडून जाड झालेलं बोट एकेका अक्षरावर ठेवायला सुरुवात केली. क. उकार. एस्तेर त्यांच्या शेजारी वाकून, प्रत्येक अक्षराबरोबर ओठ हलवत होती, जणू तीच लिहीत होती.

हेच बघायला तो आला होता. मनातल्या मनात आठवडाभर त्यानं हे बघितलं होतं. एक म्हातारा मृदंगवाला, भरल्या सभामंडपात, आणि पडदा त्याला सांगतोय की तुझ्या गावाचं कोणी इथे अपेक्षित नाही. मनात बघताना त्याला त्यात फक्त एस्तेरचा पडलेला चेहरा दिसला होता. बापूंचा चेहरा तिथे नव्हताच. "बापू, थांबा जरासा," तो बोलला. आवाज जरा मोठाच निघाला. "काय व्हयनं रे?" उखाआबा म्हणाले. "एक दुरुस्ती राहिलीय." तो पुढे गेला, एस्तेरच्या खुर्चीत बसला आणि त्या चार ओळी तिच्या फाइलीत लिहिल्या. बोटं जराही अडली नाहीत. ओळी लिहिताना त्याला हेही कळत होतं की सगळे आपल्याकडे बघताहेत, आणि ते बरं वाटत होतं. आपण भल्यासाठी उठलो की बघितलं जावं म्हणून, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. बापूंनी शेवटचं अक्षर टाकलं. अकरा नावं उतरली, त्यात त्यांचं चौथं. "सापडनं! सापडनं!" त्यांनी फोन वर धरला. उखाआबांनी मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! आपलं बाजूले ठेईसन दुसरानं दुरुस्त करी दिन्हं. याले म्हणतस टाळकरी!" टाळ्या पडल्या. अर्ध्या र चं काय झालं होतं ते कोणालाच कळलं नव्हतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. फक्त प्रेमचंद सर टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी हळू आवाजात, मास्तर वहीत बघून विचारतो तसं विचारलं, "हे तुला कधी सापडलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. ते शब्द जिभेवर तयार होते, पॉलिश करून ठेवल्यासारखे. एस्तेर त्याच्याकडे बघत होती, कौतुकानं, डोळे भरून. ते कौतुक इतके दिवस त्याला हवं होतं आणि आता तोंडासमोर होतं. "सोमवारी," तो म्हणाला. सरांना मंगळवारची टपरी ठाऊक नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली. ठाऊक होतं ते एकीलाच. तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक लगेच गेलं नाही. आधी ते थबकलं, मग तारखा जुळवल्यासारखं काही तिच्या डोळ्यांत हललं, आणि मग ते आतून कुणी दिवा उचलून नेल्यासारखं गेलं. टाळ्या अजून चालूच होत्या.

त्याचंही अ‍ॅप दाखवलं गेलं. सगळं नीट चाललं, लोकांनी माना डोलावल्या. समितीनं घेतलं एस्तेरचं. उखाआबा म्हणाले, दोन्ही चांगलीच, पण हाई आमनासंगे बोलस. सर हेमकांतच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले, ते त्याला ऐकू आलं नाही. लोक चहाला पांगल्यावर तो एस्तेरजवळ गेला. ती वायर गुंडाळत होती. "एस्तेर, त्या दिवशी टपरीवर मी…" ती उठून उभी राहिली, शाळेत साहेब आल्यावर राहतात तशी. "आपण बसा ना, सर," ती म्हणाली. "आपल्यासाठी चहा मागवू का?" शुद्ध, स्वच्छ, पुस्तकातली मराठी, एकही अक्षर कुठे कलंडलेलं नाही. आपण. तिला रागावता आलं असतं, शिवी देता आली असती, डोंगरातली चांगली सणसणीत. तिनं त्याला फक्त आदर दिला, आणि दोन हात दूर ठेवलं. कृपया प्रतीक्षा करा, असं त्याचं अ‍ॅप लोकांना म्हणत होतं तेव्हा लोकांना काय वाटत असेल, ते त्याला तेव्हा कळलं.

तो गेला नाही. तिच्या अ‍ॅपमधली यादी तीन जणांनी तीन फोनांवर लिहिलेली होती, ती ओळीओळीनं साफ केल्याशिवाय भागणार नव्हतं, आणि सप्ताह परवावर आला होता. "मी वाचतो," तो म्हणाला, "तू दुरुस्त कर." तिनं नाही म्हटलं नाही. "चालेल, सर." सभामंडपाच्या फरशीवर, पडद्याच्या उलट्या बाजूला दोघं बसली. तो कागदावरून नाव वाची, ती टाइप करी. "पुढचे, सर." "झाले, सर." जागा तिची होती, यादी तिची होती, आणि तिचं बोट कळीवर ज्या वेगानं पडे तो वेग बघून त्याला आतून तेच जुनं नख लागे. एवढं सगळं होऊनही ते गेलं नव्हतं. जेवायला बसलेलाच होता तो चुलतभाऊ, आता निदान त्याचं ताट कुठलं ते दिसत होतं. पन्नास नावं झाली, साठ झाली. शेजारी पुजारी समया पुसत होता. पोरं मृदंगावर उगाच थाप मारून पळत होती. हेमकांत वाचत होता : म्हसावदचे, प्रकाशाचे, कुऱ्हावदचे. प्रत्येक नाव तो पूर्ण म्हणे, बापाच्या नावासकट, सावकाश, जणू मागच्या रांगेत कोणीतरी ते झेलणार आहे. एक ओळ त्याच्या नजरेतून निसटली.

"हाई नाव राही गयं, भाऊ," एस्तेर म्हणाली. पडद्यावरची नजर न काढता, कामाच्या तंद्रीत.

मग तिचं बोट कळीवर थांबलं. आपण काय बोललो ते तिलाही ऐकू आलं असावं. हेमकांतनं मान वर केली नाही. त्यानं कागद थोडा जवळ घेतला, राहिलेल्या ओळीखाली नख धरलं आणि ते नाव वाचलं.